साठ अंशांना मऊ होणारं प्लास्टिक आणि आपलं विदर्भातलं ऊन

टिनाखालचा_कारागीर

हौशी कारागिरांच्या गप्पांत एका प्लास्टिकचं नाव सारखं निघतं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन, लहान नाव पीसीएल. पॉलीमॉर्फ, इन्स्टामॉर्फ, शेपलॉक अशा नावांनी ते विकलं जातं. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे असतात. गरम पाण्यात टाकले की ६० अंशांच्या आसपास वितळतात, पारदर्शक होतात आणि एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. तो हाताने मळायचा आणि हवा तो आकार द्यायचा. निवलं की पुन्हा पांढरं आणि चांगलं टणक. आकार पसंत नाही पडला तर परत गरम पाण्यात टाका, काही वाया जात नाही.

वस्तू नवी नाही. नायलॉन शोधणाऱ्या वॉलेस कॅरोथर्सच्या चमूने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती बनवली होती. आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागला, एवढंच.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. या प्लास्टिकबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक थंड मुलखातल्या लोकांनी लिहिलेलं. त्यांच्या गॅरेजात ६० अंश म्हणजे केटलीतलं तापमान. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात टेकवता येत नाही. काळा पत्रा ६० च्या पुढे सहज जातो. मग हे प्लास्टिक आपल्या कामाचं आहे की नाही? माझं मत असं की आहे, पण जागा पाहून. घरात, सावलीत, ओल्या जागी खुशाल वापरा. उन्हात राहणाऱ्या वस्तूसाठी याच्यात फक्त आकार शोधायचा आणि पक्की वस्तू दुसऱ्या कशाची करायची.

मी आर्वी तालुक्यात राहतो. गोठ्याला लागून टिनाचं शेड आहे, त्यातच व्हाइस, ड्रिल, ग्राइंडर आणि कानशी. बाबांना संधिवात आहे, त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट पुरतं मिटत नाही. बाजारातल्या ईळ्याची मूठ त्यांच्या हातात फिरते. म्हणून मूठ त्यांच्याच हातावर घडवायची ठरवली.

कृती सांगतो. ईळ्याची जुनी लाकडी मूठ काढली. पात्याचं मागचं टोक असतं त्याला कानशीने खाचा पाडल्या आणि मधोमध एक भोक पाडलं. हे प्लास्टिक गुळगुळीत लोखंडाला धरत नाही, खाचांत आणि भोकातून आरपार गेलं तरच ते अडकून बसतं. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी तापवलं. उकळू द्यायचं नाही, भांड्याच्या बुडाला बुडबुडे धरायला लागले की गॅस बारीक करायचा. दाणे पाण्यापेक्षा जड, तळाशी बसतात. सगळे पारदर्शक झाले की चमच्याने गोळा बाहेर. ईळ्याचं टोकही त्याच पाण्यात तापवून घेतलं, नाहीतर थंड लोखंडाला लागलेला थर लगेच गोठतो आणि आतून पोकळ राहतो.

आता महत्त्वाचं. गोळा बाहेर काढल्यावर त्याच्या घडीत गरम पाणी दडलेलं असतं. दाबला की ते फसकन बाहेर येतं आणि पोळतं. प्लास्टिकपेक्षा हे पाणीच जास्त चटके देतं. म्हणून आधी ताटात ठेवून चमच्याने दाबायचा, पाणी काढून टाकायचं, मग ओल्या हाताने मळून ईळ्याच्या टोकाभोवती दाबून बसवायचा. बाबांच्या हाती देण्याआधी वरचा भाग पुरेसा निवू दिला. पात्यावर जुनी चिंधी गच्च गुंडाळली आणि त्यांना म्हटलं, गवत कापताना धरता तशी मूठ धरा, जोर लावू नका. चार बोटांच्या चार खळ्या पडल्या. अंगठ्याच्या जागी तर कातडीवरच्या रेषा उमटल्या, अजून दिसतात. मग तशीच्या तशी थंड पाण्याच्या बादलीत. वरून कडक झालं तरी जाड मूठ आतून बराच वेळ गरम राहते, म्हणून लगेच उपसायची घाई नको.

ज्यांनी वापरलंय त्यांनी लिहा. विशेषतः उन्हाळा काढलेल्यांनी.

पराटी

फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय वरण. फोटो टाका! आणि ग्लू-गनच्या कांड्या वितळवून हेच होत नाही का? त्या तर तालुक्याला कुठेही मिळतात.

टिनाखालचा_कारागीर

फोटो टाकतो, सध्या नेट रडतंय. ग्लू-गनची कांडी बहुतेक ईव्हीए नावाच्या प्लास्टिकची असते. थंड झाल्यावर ती रबरासारखी लवचिक राहते, मूठ केली तर दबत राहील. पीसीएल निवल्यावर नायलॉनच्या जवळ जाणारं चिवट होतं. हातोडीने ठोकलं तरी टवका उडत नाही. महाग मात्र आहे, आणि आर्वीत मिळत नाही. ऑनलाइन मागवावं लागतं.

वैनगंगाकाठ

लेख वाचून आजा आठवला. आमच्याकडे गोंदिया-गडचिरोली भागात पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडावर लाख घेतात. सुरी-विळ्याचं पातं मुठीत बसवायचं तर आधी लाकडाच्या भोकात लाखेची पूड भरायची, पात्याचं टोक तापवून आत खुपसायचं, लाख वितळून गच्च. मूठ सैल झाली की पुन्हा तापवा, पुन्हा बसवा. सोनार दागिना ठोकताना तो लाखेवरच बसवतात. म्हणजे गरम केलं की मऊ, निवलं की टणक, हा प्रकार आपल्या लोकांना काही नवा नाही. लाख वितळते ७५-८० अंशांना, म्हणजे तुमच्या प्लास्टिकपेक्षा उन्हाला थोडी पक्कीच.

टिनाखालचा_कारागीर

अगदी. लोखंडाला चिकटण्यात लाख पुढे आहे, पण ठिसूळ. ईळा दगडावर आपटला तर लाख तडकते. दोन्ही एकत्र वापरायला काय हरकत? आत लाख, वर पीसीएल. करून पाहतो.

नांगरफाळ

भाऊ, मले एक सांगा. आमच्या पाठीवरच्या फवारणी पंपाचा दांडा नोझलजवळ चिरला हाये, थेंब थेंब गळते. दुकानदार म्हणते पुरा दांडाच घ्या. हे पांढरं प्लास्टिक गरम करून गुंडाळलं त चालन काय?

टिनाखालचा_कारागीर

दादा, तिथं मुळीच नको. एक तर पंपाचा दाब, त्याने शिवण उकलेल. दुसरं, ईसी प्रकारची (पाण्यात टाकली की दुधाळ होणारी) जी औषधं येतात त्यांत झायलीनसारखे द्रावक असतात. असे द्रावक पीसीएलला फुगवतात, विरघळवतातही. तिसरं, दुपारच्या उन्हात दांडा तापतो. गळका थेंब मनगटावरून कोपरापर्यंत येतो आणि कातडीतून अंगात जातो. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. दांडाच घ्या. तिथं जुगाड करू नका.

नांगरफाळ

बरं झालं विचारलं. घेतो दांडा.

हातोटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, नागपूरला शिकले. थोडं सांगावंसं वाटलं.

आमच्या विषयात हा पदार्थ रोजचा आहे. हाताचे स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या कडक पट्ट्या, ज्या पत्र्यांपासून करतात ते बरेचसे पीसीएलचेच. ६५-७० अंशांच्या पाण्यात पत्रा मऊ करायचा, कोरडा करायचा आणि रुग्णाच्या हातावर बसवायचा. डोक्या-मानेच्या कॅन्सरला रेडिएशन देताना चेहऱ्यावर जो जाळीचा मास्क असतो तोही याच जातीचा. जाळी मऊ करून चेहऱ्यावर ओढतात, काही मिनिटांत ती कडक होते, मग रोज त्याच मास्कने डोकं टेबलाला पक्कं करतात, म्हणजे किरण नेमक्या जागी पडतात. आपल्याकडे खर्ऱ्याचं (तंबाखू-सुपारीचं) प्रमाण पाहता हा मास्क किती घरांनी पाहिला असेल ते वेगळं सांगायला नको.

काकांच्या मुठीबद्दल. संधिवातात मूठ जाड असली की पकडायला जोर कमी लागतो, त्यामुळे विचार योग्य आहे. फक्त बोटांच्या खळ्या फार खोल नकोत. खोल खळ्यांत हात एकाच जागी अडकतो, आणि काम करताना पकड थोडी सरकवायला जागा लागते. बोटं सुजतात त्या दिवशी तर जुनी खळी टोचते. उथळ खळ्या आणि मुठीच्या शेवटी एक कडा, म्हणजे ईळा हातातून निसटत नाही.

आणि एक सावधगिरी. ज्यांच्या हाताची संवेदना कमी झालेली आहे, जुना मधुमेह असेल किंवा कुष्ठरोग होऊन गेला असेल, त्यांच्या हातावर गरम प्लास्टिक थेट घडवू नका. चटका बसलेला त्यांना कळत नाही, फोड आल्यावरच कळतं. तशा हातासाठी आधी पिठाच्या गोळ्यावर पकडीचा ठसा घ्या आणि त्यावरून मूठ करा. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांच्या भांड्यांना, अवजारांना त्यांच्या पकडीच्या मापाने इपॉक्सीची (दोन भाग मिसळले की कायमचं घट्ट होणारं प्लास्टिक) मूठ बसवण्याची पद्धत आपल्या देशात बरीच जुनी आहे.

मोडलेल्या हाडाला घरी स्प्लिंट करायचा विचार कोणी करू नये. सूज वाढली की रक्तपुरवठा अडतो.

टिनाखालचा_कारागीर

हातोटी ताई, खूप आभार. खळ्या खरंच खोल आहेत. मुठीचा वरचा थर गरम पाण्यात धरून पुन्हा उथळ करून घेतो. पिठाची युक्ती फार कामाची आहे.

जुनाखेळाडू

एवढा खटाटोप कशाला? एम-सीलची पुडी आणा, दोन वड्या मळा, लावा, विषय संपला. उन्हाचा त्रास नाही, ऑनलाइन मागवायची कटकट नाही. मी विहिरीवरच्या पाइपला लावलेलं अजून टिकून आहे.

टिनाखालचा_कारागीर

जुनाखेळाडू, पाइपला एम-सीलच योग्य. पण ते एकदा घट्ट झालं की झालं. मूठ अर्धा इंच डावीकडे हवी होती असं बाबांना दोन दिवसांनी वाटलं तर काय, फोडायचं? पीसीएलमध्ये मी मूठ बदलत जाऊ शकतो, हाताला बसेपर्यंत. बसली की तिचा साचा घेऊन इपॉक्सीत, म्हणजे तुमच्या एम-सीलमध्येच, करता येते. म्हणून म्हटलं, उन्हातल्या वस्तूचा याच्यात फक्त आकार शोधायचा.

जुनाखेळाडू

हे पटलं. साच्याचं नीट लिहा मग.

संत्राबाग_वरुड

उन्हाळ्याचा अनुभव विचारलाय म्हणून. माझ्या मेहुण्याने बाइकच्या हँडलवर मोबाइल ठेवायचा स्टँड याच दाण्यांचा केला होता. हिवाळाभर उत्तम चालला. एप्रिलमध्ये तहसील कचेरीसमोर गाडी उन्हात लावली, परत येईपर्यंत स्टँड मान टाकून टाकीवर झोपला होता. नशिबाने मोबाइल खिशात होता. काळा रंग मिसळला होता त्याने, त्यामुळे आणखी तापला असणार.

घरातल्या एका हुकाचं मात्र वेगळंच झालं. तिथे ऊन नाही, पण वर टिन आहे. त्यावर मेहुणा ओली चादर, पिशव्या असं काहीबाही टांगायचा. वितळला वगैरे नाही, पण मे संपेपर्यंत हळूहळू खाली वाकत गेला. हे का होतं?

टिनाखालचा_कारागीर

वितळायच्या बऱ्याच आधीपासून हे नरमायला लागतं. २५ अंशांना जो ताठपणा असतो तो ४५ ला राहत नाही. त्यात सततचा भार असेल तर ते अगदी सावकाश सरकत राहतं, महिन्यांनी लक्षात येतं. म्हणून टांगायच्या, ताणाच्या कामाला हे नकोच. मूठ, नॉब, ठोकळा, जिथं भार येतो-जातो आणि मधे विसावा मिळतो तिथं चालतं. हुकच करायचा असेल तर आत जाड तार वाकवून घाला, भार तारेवर जाईल आणि प्लास्टिक फक्त गोलाई देईल.

थ्रीडी प्रिंटरवाल्यांचं पीएलए प्लास्टिकसुद्धा ६० च्या आसपासच नरमतं बरं का. बंद कारमध्ये ठेवलेल्या प्रिंट वाकड्या होतात त्या त्यामुळेच. हे दुखणं एकट्या पीसीएलचं नाही.

कूलरवाला

मे महिन्यात घरातली सगळ्यात थंड जागा कुठली? कूलरचं पोट. तिथं हे प्लास्टिक बिनधास्त चालतं. माझ्या लोखंडी कूलरमध्ये पाण्याचा पाइप वरच्या पन्हाळीला धरणारी क्लिप दर वर्षी तुटायची. या दाण्यांची क्लिप केली, पाइपावरच दाबून. पाइपाला खोबरेल तेल पुसून घेतलं होतं, म्हणून चिकटली नाही आणि माप मात्र तंतोतंत आलं. कूलरचं पाणी क्षारांचं असतं, लोखंडी क्लिप गंजून जाते, याला गंज नाही. फ्लोट बॉलच्या दांडीचा तुटलेला कानही असाच केला.

विजेच्या जोडणीला मात्र लावू नका. सैल टर्मिनल तापतं आणि हे वितळून खाली येतं. शिवाय पेटतंही.

टिनाखालचा_कारागीर

कूलरचं पोट! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चिकटण्याबद्दल थोडी भर: गरम पीसीएल कित्येक प्लास्टिकना घट्ट चिकटतं, म्हणून प्लास्टिकच्या डब्यात दाणे वितळवू नका, स्टीलचं भांडं घ्या. कुठल्याही प्लास्टिकवर दाबण्याआधी तेल किंवा साबणाचा हात फिरवा. उलट चिकटवायचंच असेल तर पृष्ठभाग घासून, कोरडा करून, दोन्ही बाजू गरम करा. थंड पीसीएलवर गरम पीसीएल नुसतं ठेवलं तर सांधा पकडत नाही, काही दिवसांनी पापुद्रा सुटून येतो.

मोहफूल

तान्हा पोळा आठवला हा धागा वाचून. आमच्या घरी लाकडी नंदी आहे, चाकांचा, सासऱ्यांच्या लहानपणचा. त्याचं एक शिंग तुटलंय आणि मुलगा दर वर्षी तोच नंदी नेण्याचा हट्ट धरतो. सुतार म्हणतो नवं शिंग खिळ्याने ठोकतो, पण लाकूड जुनं आहे, चिरेल. याचं शिंग होईल का? आणि रंग लागेल का?

टिनाखालचा_कारागीर

ताई, होईल, आणि यासारखं दुसरं काम नाही. नंदी वर्षभर कपाटात असतो, त्यामुळे उन्हाचा प्रश्नच नाही. तुटलेल्या जागी बारीक ड्रिलने तिरकी दोन भोकं पाडा, हातानेच फिरवलं तरी चालेल. गरम प्लास्टिकची बारीक वात करून त्या भोकांत कोंबा, वर गोळा बसवा आणि दुसऱ्या शिंगाकडे बघत ओढत न्या. ओढताना टोक आपोआप निमुळतं होतं. वाकडं झालं तर नंदी पाण्यात बुडवायचा नाही! चमच्याने गरम पाणी फक्त शिंगावर सोडा, लाकडाला फडकं गुंडाळून.

वरून लावलेला रंग याच्यावर नीट बसत नाही, निघून येतो. दाणे वितळल्यावर कोरडी रंगपूड त्यातच मळा, रंग आतून येतो. गेरू चालतो. पूड कमी घ्या, फार घातली तर प्लास्टिक दुबळं होतं.

आता साचा, जुनाखेळाडूंनी विचारला होता. मूठ मनासारखी झाली की ती थंड, कोरडी करा. तिच्यावरच पुन्हा गरम पीसीएलचा साचा घ्यायला गेलं तर मूठच मऊ होऊन चिकटते. म्हणून साचा प्लास्टरचा करा, दोन अर्ध्यांत. मुठीला तेल लावून आधी खालचा अर्धा भाग प्लास्टरमध्ये बसवा. तो पक्का झाला की कडेला तेल लावून वरचा ओता. प्लास्टर घट्ट होताना तापतं. थर जाडजूड असेल तर एवढं तापतं की आतली मूठ ढिली पडू शकते. अंगठ्याएवढा जाड थर पुरे, आणि ते थंडीच्या सकाळी करा. साचा नीट वाळू द्या, मेण किंवा ग्रीस लावा आणि एम-सील दाबून भरा, पात्याचं टोक मधे ठेवून.

पराटी

वाचनखूण साठवली. दोन शंका. ड्रिल मारताना माझ्याकडचा तुकडा बिटाला गुंडाळून फिरायला लागला. आणि नटाचे आटे याच्यात पाडता येतात का?

टिनाखालचा_कारागीर

ड्रिलचा वेग जास्त होता. घर्षणाने लगेच ६० अंश गाठले जातात. वेग कमी ठेवा, थोडं खणा, बिट बाहेर काढा, थंड पाण्याचा थेंब टाका, पुन्हा खणा. कानस लगेच भरून जाते, त्यापेक्षा धारदार सुरीने तासा. घासकागद लावायचाच तर पाण्यात.

आटे पाडायची गरजच नाही. बोल्टला ग्रीस लावा, मऊ गोळ्यात दाबा, पूर्ण निवू द्या आणि मग उलटा फिरवून काढा. आटे आत उमटलेले असतात. शिलाई मशीनचा हरवलेला नॉब मी असाच केला, आत खरा नट गाडून. नट गाडला तर आटे झिजायची भीतीही नाही.

वैनगंगाकाठ

अवांतर: हे मातीत कुजतं म्हणतात, खरं का? मग ईळा ओल्या बांधावर राहिला तर मूठ गळून पडायची!

टिनाखालचा_कारागीर

कुजतं. जमिनीतले जिवाणू आणि बुरश्या ते खातात, खनिज तेलापासून बनतं तरीही. पण सावकाश, आणि सतत ओल्या जिवंत मातीत पुरलेलं असेल तर. चार दिवस धुऱ्यावर राहिल्याने काही होत नाही. शेणखताच्या ढिगात मात्र टाकू नका. तिथली ऊब आणि जिवाणू दोन्ही त्याच्या जिवावर उठतील. उरलेले दाणेही बंद डब्यात, घरात ठेवा. टिनाखाली उन्हाच्या झळीत ठेवले तर उन्हाळ्यात डब्यातच ढेकूळ होऊ शकतं. झालं तरी फेकू नका, तुकडे करून गरम पाण्यात टाकलं की पुन्हा कामाचं.

मोहफूल

दाणे मागवलेत. शिंग आणि पिवळी रंगपूड, दोन्ही पोळ्याच्या आत. काही अडलं तर इथंच विचारते.